हळद पल्व्हरायझरचा रोटर: फिरत्या भागातला ताण कॅडमध्ये कसा तपासायचा

हळद दळायच्या पल्व्हरायझरचा रोटर, म्हणजे दळणारे हॅमर (सुटे हातोडे) लावलेला फिरता भाग, बनवायला फार मोठा कारखाना लागत नाही. लेथ, रेडियल ड्रिल आणि वेल्डिंग सेट असला की कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतलं कुठलंही मध्यम वर्कशॉप तो करू शकतं. जुना रोटर समोर ठेवायचा, मापं घ्यायची आणि "जरा जाड प्लेट घेऊ, म्हणजे काळजी नको" म्हणत सोळाच्या जागी वीस मिमी लावायची, ही सर्रास चालणारी रीत. यातला जाड प्लेटचा भाग निम्मा चुकीचा आहे. एकसारख्या जाडीची डिस्क स्वतःच्याच वजनामुळे जी ताणली जाते, त्या ताणाचा जाडीशी संबंध नाही. प्लेट दुप्पट जाड केली तर ताण घेणारं क्षेत्र दुप्पट होतं आणि ओढणारं वजनही दुप्पट. जाडीचा उपयोग होतो तो फक्त हॅमरची ओढ सोसायला. आणि हॅमरच्या ओढीत सगळ्यात आधी दमतो तो भाग डिस्क नसतोच.

हे कॅडमधल्या सिम्युलेशनमध्ये स्पष्ट दिसतं, पण मॉडेल बरोबर लावलं तरच. चुकीचं लावलं तरीही रंगीत चित्र तेवढंच सुंदर येतं. म्हणून खाली प्रत्येक पायरीला हाताने काढलेला आकडा दिला आहे. तो जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

उदाहरणाचा रोटर

आयएस २०६२ ई२५० (साधं माइल्ड स्टील) प्लेटच्या दोन डिस्क. बाहेरचा व्यास ४०० मिमी, जाडी १६, बोअर (मधलं शाफ्टचं भोक) ५०. दोन्हींमध्ये ४० मिमी गॅप. १७० मिमी त्रिज्येवर २० मिमीच्या चार पिना, प्रत्येक पिनेवर मधोमध १० मिमी जाडीचा एक हॅमर, वजन अर्धा किलो. हॅमर बाहेर फेकला गेल्यावर त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षापासून २२० मिमीवर येतो. वेग ३००० आरपीएम. प्रत्यक्षातल्या रोटरवर हॅमर जास्त असतात, पण पद्धत शिकायला एवढं पुरे.

आधी कॅल्क्युलेटर

३००० आरपीएम म्हणजे ३००० × पाय ÷ ३० = ३१४.१६ रेडियन प्रति सेकंद. या कोनीय वेगाचा वर्ग ९८,६९६. हा आकडा कागदाच्या वरच लिहून ठेवा, तो सारखा लागणार आहे.

मधे भोक असलेल्या सपाट डिस्कमध्ये सर्वांत जास्त ताण बोअरच्या कडेला येतो आणि तो परिघाच्या दिशेने असतो:

ताण = (घनता × कोनीय वेगाचा वर्ग ÷ ४) × [३.३ × बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग + ०.७ × बोअरच्या त्रिज्येचा वर्ग]

यातले ३.३ आणि ०.७ हे पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर धातू आडवा किती आकसतो त्याचं प्रमाण) ०.३ धरून आले आहेत. घनता ७८५० किलो प्रति घनमीटर आणि त्रिज्या मीटरमध्ये घातल्या की उत्तर २५.६५ मेगापास्कल येतं. बाहेरच्या कडेला हाच ताण ५.८ उरतो. त्रिज्येच्या दिशेचा ताण ७०.७ मिमी त्रिज्येवर सर्वांत जास्त, ९.८. बाहेरची कड ५.५ मायक्रॉन सरकते आणि बोअरची कड ३ मायक्रॉन, म्हणजे बोअरचा व्यास ६ मायक्रॉनने वाढतो.

बोअर नसता तर मध्यभागी ताण फक्त १२.८ आला असता. लहानसं भोक पाडलं तरी ताण दुप्पट होतो.

ई२५० ची यील्ड, म्हणजे कायमचा आकार बदलायला लागतो तो ताण, २५० मेगापास्कल. म्हणजे नुसत्या डिस्कला जवळपास दहापट वाव आहे. मात्र हीच डिस्क बिडाची असती तर गोष्ट वेगळी. कडेचा वेग इथे सेकंदाला ६३ मीटर होतो आणि बिडाच्या पुली-फ्लायव्हीलला साधारण ३० मीटरच्या पुढे न्यायचं नाही, हा जुना नियम आजही पाळण्यासारखा आहे.

मॉडेल: आधी कोरी डिस्क

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. सॉलिडवर्क्स सिम्युलेशनमध्ये सेंट्रिफ्युगल नावाचा लोड आहे, अन्सिसमध्ये रोटेशनल व्हेलॉसिटी आहे. लायसन्सचा खर्च नको असेल तर फ्रीकॅडच्या फेम वर्कबेंचमध्ये कॅल्क्युलिक्स सॉल्व्हर घेऊन हे सगळं फुकटात होतं.

पहिल्या रनसाठी पिनांची भोकं, चावीची (शाफ्टला डिस्क बांधणाऱ्या पट्टीची) खाच, चाम्फर काहीही काढू नका. कोरी कडी काढा आणि तिचा पाव तुकडा ठेवा. दोन कापलेल्या बाजू एक्स आणि वाय अक्षांवर येतील अशा बेताने कापा. पुढे भोकं पाडताना ती ४५ अंशावर ठेवली की पाव तुकड्यात एक अख्खं भोक येतं आणि कापणी त्याच्या मधून जात नाही.

मटेरियलमध्ये यंग मॉड्युलस (धातूच्या ताठपणाचा आकडा) २,१०,००० मेगापास्कल, पॉयसन ०.३ आणि घनता भरा. नेहमीच्या लोडच्या स्टॅटिक तपासणीत घनता चुकली तरी चालून जातं, कारण तिचा उपयोगच होत नाही. इथे लोड घनतेतूनच जन्मतो. मिमी-टन-सेकंद पद्धतीत इनपुट फाइल हाताने लिहीत असाल तर पोलादाची घनता ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी. तिथे ७८५० लिहिलंत की उत्तराला काही अर्थ राहत नाही. हाताने लिहिताना आणखी एक: कॅल्क्युलिक्सच्या सेंट्रिफ लोडला कोनीय वेग नव्हे, त्याचा वर्ग द्यावा लागतो.

डिस्क कुठे धरायची

सगळ्यात जास्त चुका या पायरीत होतात. डिस्क शाफ्टवर बसते, म्हणून बोअरचा पृष्ठभाग फिक्स करून टाकायचा मोह होतो. फिक्स म्हणजे बोअरला मोठं व्हायला बंदी. आपल्या डिस्कमध्ये तसं केलं तर बोअरच्या कडेचा परिघाचा ताण २५.६५ वरून ५.८ वर येतो, आणि जिथे शून्य असायला हवा तो त्रिज्येचा ताण १९.३ होतो. व्हॉन मायसेस ताण (सगळ्या दिशांचे ताण एकत्र करून यील्डशी ताडायचा आकडा) जेमतेम १७ दिसतो. म्हणजे सिम्युलेशन तुम्हाला खऱ्यापेक्षा एक तृतीयांश कमी ताण सांगतं आणि ताण कुठल्या दिशेचा आहे तेही चुकीचं सांगतं. चूक धोक्याच्या बाजूला जाते, म्हणून ती जास्त वाईट.

पाव तुकडा योग्य धरायचा तो असा: एक्स अक्षाला काटकोनात असलेल्या कापलेल्या बाजूवर फक्त एक्स दिशेचं सरकणं शून्य, दुसऱ्या कापलेल्या बाजूवर फक्त वाय दिशेचं शून्य, आणि कुठल्याही एका कोपऱ्याच्या बिंदूवर झेड शून्य. बस. बोअर मोकळा. अख्खी डिस्क घ्यायची असेल तर सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट घेऊन बोअरवर परिघाची आणि अक्षाची दिशा बांधा, त्रिज्येची दिशा सोडा.

वेग आणि अक्ष

फ्रीकॅडमध्ये वेग सेकंदाला किती फेरे असा भरायचा असतो, म्हणजे इथे ५०. इतर ठिकाणी रेडियन प्रति सेकंद असेल तर ३१४.१६. चौकटीशेजारचं युनिट वाचल्याशिवाय आकडा टाकू नका. ताण वेगाच्या वर्गात वाढतो, त्यामुळे युनिट चुकलं की उत्तर थोडं चुकत नाही, पार भरकटतं. ते किती भरकटलं यावरून चूक पकडताही येते. बोअरला २३४० मेगापास्कलच्या आसपास दिसलं तर रेडियनच्या चौकटीत ३००० गेलंय. १०१० च्या आसपास दिसलं तर फेऱ्यांच्या चौकटीत ३१४ गेलंय. आणि ०.६५ दिसलं तर रेडियनच्या चौकटीत ५० गेलंय; या शेवटच्या चुकीत सगळं निळंशार आणि सुरक्षित दिसतं, म्हणून ती हमखास निसटते.

अक्ष निवडतानाही एक फसगत आहे. पाव तुकड्यात बोअरच्या कापलेल्या कडा अक्षाला समांतर सरळ रेषाच असतात आणि माउस नेमका त्यांच्यावर जातो. ती कड खऱ्या अक्षापासून २५ मिमी दूर आहे. तिला अक्ष मानलं की डिस्क एका बाजूला फिरते आणि उत्तर बिघडतं, पण चित्र पाहून शंका येत नाही. केंद्रातून वेगळी रेघ काढून ठेवा आणि तीच निवडा.

मेश आणि पहिली परीक्षा

मेश म्हणजे हिशोबासाठी मॉडेलचे केलेले छोटे तुकडे, एलिमेंट. सेकंड ऑर्डरचे (कडांच्या मधेही बिंदू असलेले) टेट्रा, म्हणजे चार बाजूंचे, एलिमेंट घ्या. फर्स्ट ऑर्डरचे टेट्रा नको तितके ताठ असतात आणि ताण कमी दाखवतात. सगळीकडे ८ मिमी, बोअरलगत ३ मिमी. रन करा आणि तीन गोष्टी पाहा.

एक, बोअरचा ताण. २५.६५ च्या दोन-तीन टक्क्यांत यायला हवा. दोन, बाहेरच्या कडेचं सरकणं ५.५ मायक्रॉन आहे का. चित्रात डिस्क फुग्यासारखी दिसेल, तो फक्त डिफॉर्मेशन स्केलचा खेळ आहे. तीन, आणि ही सर्वांत भरवशाची, कापलेल्या बाजूवरची रिअॅक्शन (बंधनाने दिलेला उलटा जोर). पाव तुकड्याची एका दिशेची एकूण ओढ घनता × जाडी × कोनीय वेगाचा वर्ग × (बाहेरच्या त्रिज्येचा घन − बोअरच्या त्रिज्येचा घन) ÷ ३ इतकी असते, म्हणजे ३३.० किलोन्यूटन. दोन्ही कापलेल्या बाजूंवर प्रत्येकी एवढीच रिअॅक्शन हवी. मेश जाडाभरडा असला तरी रिअॅक्शन जवळजवळ अचूक येते. म्हणून ती जुळली नाही तर दोष मेशचा नाही. घनता, वेग, अक्ष किंवा बंधन यांपैकी काहीतरी चुकलंय.

आता भोकं आणि हॅमर

अर्ध्या किलोच्या हॅमरची ओढ: ०.५ × ९८,६९६ × ०.२२ = १०,८५७ न्यूटन. म्हणजे एक हॅमर अकराशे किलोचं वजन टांगल्यासारखा पिनेला ओढतो. ती ओढ दोन डिस्कमध्ये वाटली जाते, एका भोकाला ५.४ किलोन्यूटन. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पिनेचं स्वतःचं वजन विसरतात. २० मिमीची, ८० मिमी लांब पिन जवळपास २०० ग्रॅम भरते आणि १७० मिमीवर ३.३ किलोन्यूटनने ओढते. तिचा अर्धा वाटा मिळवला की एका भोकावर ७.१ किलोन्यूटन होतात. स्पेसर असतील तर त्यांचंही वजन करून याच हिशोबात धरा.

हा लोड लावताना भोकाचा पूर्ण गोल पृष्ठभाग निवडू नका. पिन फक्त बाहेरच्या अर्ध्या भागावर रेटते, आतली बाजू मोकळी राहते. पूर्ण गोलावर लोड वाटला की आतली बाजूही ओढली जाते आणि भोकाच्या कडेचा ताण कमी दिसतो. सॉलिडवर्क्समध्ये बेअरिंग लोड थेट मिळतो. फ्रीकॅडमध्ये भोकाचा पृष्ठभाग दोन अर्ध्यांत तोडून बाहेरच्या अर्ध्यावर फोर्स द्या. भोक ४५ अंशावर असल्यामुळे एक्स आणि वाय दिशेला प्रत्येकी ५.० किलोन्यूटन.

पुन्हा रिअॅक्शन तपासा. ३३.० मधून भोकातून गेलेल्या लोखंडाची अर्धा किलोन्यूटनची ओढ वजा, पाच मिळवले, म्हणजे ३७.५ यायला हवी.

हॅमर आणि पिन मॉडेलमध्येच ठेवून असेंब्ली चालवायची असेल तरी हरकत नाही, पण मग वेगळा फोर्स लावू नका, नाहीतर ओढ दोनदा मोजली जाते. कॉन्टॅक्ट बॉण्डेड ठेवला तर हॅमर डिस्कला वेल्ड केल्यासारखा वागतो आणि तिला उलटा आधार देतो. तिथे आत न शिरणारा पण सुटू शकणारा कॉन्टॅक्ट हवा, आणि त्याला वेळ लागतो.

भोकाभोवती मेश २ मिमी, मग १ मिमी करून पाहा. ताण पाच टक्क्यांपेक्षा कमी बदलला की थांबा. या भोकांच्या कडेचा ताण बोअरच्या बरोबरीला येतो किंवा पुढे जातो: डिस्कमध्ये १७० मिमीवर मुळातच ७.९ मेगापास्कलचा परिघाचा ताण आहे, भोकामुळे तो सुमारे तिप्पट होतो आणि वर पिनेचा रेटा. तरीही यील्डपासून लांब. मात्र सॉफ्टवेअर भोक गुळगुळीत धरतं. गॅस किंवा प्लाझ्माने कापलेल्या भोकाच्या कडेला खाचा राहतात आणि कड कडक होते, तिथून भेग सुरू होते. ड्रॉइंगवर ही भोकं ड्रिल आणि रीम करायची असं स्पष्ट लिहा.

पिन

डिस्कचं एवढं कौतुक केल्यावर खरा प्रश्न पिनेचा. दोन डिस्कच्या जाडीच्या मध्यांतलं अंतर ५६ मिमी, मधोमध १० मिमी रुंदीवर १०,८५७ न्यूटन. बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) १३८ न्यूटन-मीटर, पिनेच्या स्वतःच्या वजनाचा १६, एकूण साधारण १५५. २० मिमी व्यासाचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोध करणारं माप) ७८५ घन मिमी. मोमेंटला त्याने भागलं की ताण १९७ मेगापास्कल.

डिस्कला दहापट वाव आणि पिनेला सव्वापट. त्यात गिऱ्हाईकाने "दोन डिस्कमध्ये जरा जास्त जागा ठेवा" म्हणून गॅप ४० चा ६० केला, तर ताण २८० च्या पुढे जातो आणि माइल्ड स्टीलची पिन वाकते. वाकलेली पिन हॅमरला मोकळं फिरू देत नाही, हॅमर अडकला की रोटर थरथरायला लागतो, आणि मग दोष बेअरिंगला दिला जातो.

उपाय दोन. पिन २५ मिमी केली तर ताण १०७ वर येतो, पण भोक मोठं झाल्याने डिस्कच्या कडेला २० ऐवजी १७.५ मिमी लोखंड उरतं, ते पुन्हा तपासा. किंवा पिन ईएन२४ या मिश्र पोलादाची, हार्डन-टेंपर केलेली घ्या. तिची यील्ड साडेसहाशेच्या आसपास असते. सिम्युलेशनमध्ये पिन तपासताना दोन्ही टोकं फिक्स करू नका. भोकात पिन सैल असते, टोकाला ती वाकू शकते. फिक्स केल्यास मोमेंट निम्म्यावर दिसतो.

चावीची खाच

खाच आली की पाव तुकडा चालत नाही, अख्खी डिस्क घ्यावी लागते. ५० मिमी बोअरला १४ × ९ ची चावी आणि हबमध्ये ३.८ मिमी खोल खाच. कोपरे मॉडेलमध्ये अगदी धारदार काढलेत तर मेश जितका बारीक कराल तितका ताण वाढत जाईल, २००, ४००, ८००, त्याला अंत नाही. तो आकडा खरा नाही. स्टँडर्डप्रमाणे कोपऱ्याला ०.२५ ते ०.४ मिमी त्रिज्या असते, ती द्या आणि तिच्या कमानीवर चार-पाच एलिमेंट बसवा. स्लॉटिंग टूलची धार घासल्याशिवाय ती त्रिज्या प्रत्यक्षात मिळणार नाही, हे स्लॉटिंगवाल्याला सांगा.

मोटरचा टॉर्क इथे किरकोळ: २२ किलोवॉटला ७० न्यूटन-मीटर, चावीवर २.८ किलोन्यूटन.

ड्राइव्हवर ६० हर्ट्झ

बारीक दळण निघावं म्हणून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ५० वरून ६० हर्ट्झवर नेणं किंवा रोटरवर लहान पुली चढवणं हे गिरणीत सहज होतं. वेग वीस टक्के वाढला की प्रत्येक ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. डिस्कचा २५.६५ चा ३७ होतो, तिला काही वाटत नाही. माइल्ड स्टीलच्या पिनेचा १९७ चा २८४ होतो, आणि ती यील्ड ओलांडते. म्हणून डिझाइनचा शेवटचा रन नेहमी २० टक्के जास्त वेगाने करा आणि कमाल आरपीएम नेमप्लेटवर कोरून घ्या. ड्राइव्हमध्येही कमाल फ्रीक्वेन्सी लॉक करता येते.

स्टॅटिक रनला न दिसणाऱ्या गोष्टी

अनबॅलन्स स्टॅटिक रनमध्ये दिसत नाही. समोरासमोरच्या हॅमरमध्ये ५ ग्रॅमचा फरक असला तरी १०९ न्यूटनची ओढ शाफ्टबरोबर फिरत राहते. त्यामुळे हॅमर वजन करून जोड्या लावा, आणि एक झिजला तर समोरचाही बदला. बॅलन्सिंगला जी६.३ ग्रेड (बॅलन्स किती काटेकोर हवा याची प्रत) मागितली तर ३००० आरपीएमला गुरुत्वमध्य अक्षापासून २० मायक्रॉनपर्यंत चालतो. ३० किलोच्या रोटरला हे ६०० ग्रॅम-मिमी होतात.

शाफ्टची थकवा तपासणी वेगळी करा. डिस्कचा ताण चालू करताना चढतो आणि बंद करताना उतरतो, दिवसात मोजक्या वेळा. शाफ्टमध्ये पट्ट्याच्या ओढीने येणारा बेंडिंग ताण मात्र दर फेऱ्याला उलटसुलट होतो: तासाला १,८०,००० वेळा, म्हणजे दहा लाख फेरे साडेपाच तासांत. तिथे यील्डशी तुलना करून भागत नाही, एन्ड्युरन्स लिमिट (ताण कितीही वेळा आला तरी भेग पडत नाही ती मर्यादा) धरावी लागते. क्रिटिकल स्पीडसाठी (ज्या वेगाला शाफ्ट जोरात थरथरतो) मोडल अॅनालिसिस करून ती चालू वेगापासून किमान वीस टक्के लांब ठेवा.

आणि एक केस मुद्दाम चालवा: एक हॅमर तुटून गेला. उरलेल्या तिघांची ओढ समतोल राहत नाही, १०.९ किलोन्यूटन एका बाजूला फिरू लागतात. तो लोड शाफ्टवर, बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि पायाच्या बोल्टवर लावून पाहा. साखर कारखान्याच्या फायबरायझरला (ऊस कुटून धागे सुटे करणाऱ्या यंत्राला) हाच हिशोब करायचा तर १५ किलोचा हॅमर ८०० मिमी त्रिज्येवर १००० आरपीएमला १३२ किलोन्यूटन देतो, साडेतेरा टनांच्या आसपास. सुटलेला हॅमर सेकंदाला सुमारे ८४ मीटरच्या वेगाने केसिंगवर आदळतो, त्यामुळे केसिंगची प्लेट ठरवायची ती या केसवरून, आणि पहिली ट्रायल घेताना रोटरच्या फिरण्याच्या पातळीत कुणालाही उभं राहू द्यायचं नाही.